वाटीएवढा खळगा

माणसाला एखादा छंद असावा, असं सगळे म्हणतात. तो दिवाणखान्यात नसावा, असंही तेच सगळे म्हणतात. माझा छंद जुने संगणक दुरुस्त करण्याचा आहे. जुने म्हणजे माळ्यावर पडलेला तुमचा लॅपटॉप नव्हे. तो नुसता थकलेला. जुने म्हणजे ज्यांचं बटण दाबल्यावर 'खट्ट' असा आवाज होतो, जे सुरू होताना स्वतःशीच बराच वेळ पुटपुटतात आणि ज्यांना हलवायला दोन माणसं आणि एक सल्लागार लागतो.

सल्लागाराची आमच्याकडे कायमची सोय आहे. समोरच्या दारात व्होल्टेज काका राहतात. ते वीज खात्यातून निवृत्त झाले, पण वीज खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. कुठल्याही बिघाडावर त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "व्होल्टेज बघितलंस का?" आईला एकदा चक्कर आली होती, तेव्हाही त्यांनी दारातून हाच प्रश्न विचारला होता.

या छंदात तोवर माझ्या नावावर तीन दुरुस्त्या जमा होत्या. एक कॅल्क्युलेटर, जो आता सातचा आकडा सोडून सगळं दाखवतो. एक प्रिंटर, जो छापतो, पण कधी ते स्वतः ठरवतो. आणि एक यंत्र, जे पूर्णपणे दुरुस्त झालंय, फक्त ते कशाचं यंत्र आहे हे अजून कळलेलं नाही. अशा अनुभवी माणसाकडे एका शनिवारी आत्या आली, आमच्या बुटक्या फ्रीजवर उजवं कोपर टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, तुझ्या त्या भंगाराचा मला उपयोग आहे."

आत्याला बोलताना उजव्या कोपराखाली काहीतरी लागतं. टेबल, कठडा, फ्रीज. लहानपणी माझं डोकं त्या उंचीवर होतं, तेव्हा तिच्या गप्पा संपेपर्यंत मला हलता यायचं नाही.

आत्या एकतीस वर्षं एका छोट्या वाचनालयात ग्रंथपाल होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आता ते वाचनालय मोठ्या मध्यवर्ती ग्रंथालयात विलीन होणार होतं आणि वरून पत्र आलं होतं. यादीसह येतील तेवढीच पुस्तकं स्वीकारली जातील. यादीत नसलेलं साहित्य रद्दी समजून त्याची विल्हेवाट लावावी. मुदत पाच आठवडे.

"मग यादी देऊन टाका की," मी म्हणालो.

"यादीच्या चार नोंदवह्या होत्या. त्यांच्यावर पाण्याची टाकी फुटली. आता चार लगदे आहेत."

"आणि ती छोट्या खणांतली कार्डं?"

"ती संगणक आला तेव्हाच मोडीत काढली. संगणक आला ना, मग कार्डं कशाला, असं साहेब म्हणाले होते." आत्याने त्या साहेबांना मनातल्या मनात जागेवर ठेवलं. "पण सगळी यादी मी संगणकावर टाइप केलेली आहे. अकरा हजार चारशे बारा पुस्तकं. अडतीस कपाटं, अडतीस फ्लॉप्या. एका कपाटाला एक."

फ्लॉपी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ती एक काळी चौकोनी पातळ तबकडी असते, पापडासारखी लवते आणि पापडाएवढाच भरवसा देते. आत्याने पिशवीतून खोकं काढलं. अडतीस फ्लॉप्या, प्रत्येक आपापल्या पाकिटात, पाकिटावर कपाटाचा क्रमांक, तिच्या त्या ओळीत उभ्या राहिलेल्या अक्षरांत. मी आजवर इतक्या नीट ठेवलेल्या फ्लॉप्या पाहिल्या नव्हत्या. मला उगाचच माझ्या कपाटाचं दार लावून घ्यावंसं वाटलं.

"काळजीच करू नकोस," मी म्हणालो. हे वाक्य मी पुढच्या पाच आठवड्यांत सत्तावीस वेळा म्हणालो, आणि आईने ते मोजलं.

माझ्याकडे या मापाच्या फ्लॉपीचा ड्राइव्ह नव्हता. म्हणजे त्या फ्लॉप्या जिथे जन्मल्या, तो संगणकच आणायला हवा होता. तो वाचनालयाच्या भांडारात पडून होता. आम्ही दोघं भांडारपालांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. नाही म्हणताना त्यांना स्वतःलाच वाईट वाटायचं.

"देता येणार नाही हो मॅडम. तो संगणक निर्लेखित झालाय." निर्लेखित म्हणजे कागदावरून काढून टाकलेला.

"म्हणजे तुमचा नाही ना आता? मग द्या," मी म्हणालो.

"आमचा असता तर दिला असता. परवानगीचा अर्ज असतो. पण कागदावर तो संगणकच नाही. नसलेल्या वस्तूचा गेटपास मी कसा फाडू?"

"पण तो इथे समोर आहे. त्यावर तुमचा डबा ठेवलाय."

भांडारपालांनी डबा उचलून घेतला आणि दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "डबा माझा आहे. बाकी मला काही दिसत नाही."

मी तावातावाने बोलणार होतो. आत्याने मला कोपराने ढोसलं. दुसऱ्या दिवशी ती एक भलंमोठं रिकामं खोकं घेऊन फाटकावर गेली. पहारेकऱ्याच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'खासगी सामान: खोकं, एक.' तासाभराने आम्ही दोघं धापा टाकत बाहेर आलो, तेव्हा तिने पुढच्या रकान्यात लिहिलं, 'परत नेलं: खोकं, एक.' पहारेकऱ्याने पाहिलं, मोजलं, सही केली.

"आत्या, हे नियमात बसतं?" मी रिक्षात विचारलं. एकतीस वर्षांत हिने स्वतःलासुद्धा उशिराचा दंड माफ केला नव्हता.

"खोकं आलं, खोकं गेलं," ती म्हणाली. "आत काय, असा रकानाच नाही."

संगणक दिवाणखान्यात विराजमान झाला. आडवं, जाड, पिवळं पडलेलं धूड. आईने त्याच्याकडे बघून एवढंच विचारलं, "हे जाणार कधी?" मी सांगितलं की हा वारसा आहे. ती म्हणाली, वारसा असेल तर तुझ्या खोलीत ठेव.

आता इथे जाणकार माणसाने काय करायला हवं होतं? वायर लावायची, बटण दाबायचं. पण मी हौशी माणूस. आमच्या छंदात एक पवित्र नियम आहे, की यंत्र सुरू करण्याआधी ते संपूर्ण उघडायचं, साफ करायचं, मूळ रूपात आणायचं, आणि प्रत्येक पायरीचा फोटो गटावर टाकायचा. आमचा इंटरनेटवर गट आहे. जुन्या संगणकांच्या वेडाने पछाडलेले साठ-सत्तर लोक, ज्यांचे घरचे त्यांच्याशी त्या विषयावर बोलत नाहीत. तिथल्या सगळ्यात जाणत्या माणसाने टोपणनाव घेतलंय 'ट्रॅक झिरो'. त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण तो ऑनलाइन आला की आम्ही नीट बसतो.

पत्र्याचं झाकण काढण्याआधीच मला पहिला दोष सापडला. वरच्या पत्र्याला उजवीकडे पुढच्या बाजूला, बरोबर फ्लॉपी ड्राइव्हच्या वर, वाटीएवढा खळगा पडला होता. तिथला रंग घासून पूर्ण गेला होता आणि पत्रा चमकत होता. मला संताप आला. मी फोटो काढून गटावर टाकला आणि खाली लिहिलं, 'पूर्वीच्या वापरकर्त्याची अक्षम्य हलगर्जी.' बावीस जणांनी हळहळ व्यक्त केली.

मग मी व्होल्टेज काकांकडून रबरी तोंडाची हातोडी आणली, पत्रा उलटा केला आणि तो खळगा ठोकून ठोकून सरळ केला. वर रंगाचे दोन हात दिले. तुम्हाला सांगतो, आयुष्यात माझ्या हातून इतकं सफाईदार काम झालेलं नाही. बोट फिरवलं तरी कुठे खळगा होता ते कळत नव्हतं. ते काम मी आजही विसरू शकत नाही, फक्त कारण बदललंय.

यानंतर आम्ही बटण दाबलं. 'आम्ही' म्हणजे मी, आई आणि व्होल्टेज काका. काका खास शर्ट घालून आले होते.

"व्होल्टेज बघितलंस का?"

"बघितलं काका."

"परत बघ."

मी म्हणालो, काळजीच करू नका, आणि बटण दाबलं. खट्ट झालं. तीन सेकंद पंखा फिरला. मग आतून 'फट्' असा आवाज आला आणि संगणकाच्या मागून पांढरा धूर निघाला, त्याला जळक्या माशासारखा वास. वीजपुरवठ्याच्या डब्यातला जुना कपॅसिटर फुटला होता.  काका फक्त हसले, आणि पुढचे आठ दिवस जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "मी म्हटलं होतं, परत बघ." अर्थात हेही सांगायला हवं की नवे कपॅसिटर त्यांनीच आणले, चष्म्यावर चष्मा चढवून, अजिबात हात न थरथरता, सोल्डरिंगचा एकेक टाका असा मारला की मी फोटो काढायचं विसरलो. माझे टाके चघळलेल्या च्युइंगमसारखे दिसतात. त्यांचे थेंब एकाच मापाचे होते.

"चाळीस वर्षं खांबावर चढून केलंय," ते म्हणाले. "इथे तर मी खुर्चीत बसलोय."

मग निघालं की मुख्य पाटीवरची, म्हणजे मदरबोर्डवरची, छोटी बॅटरी गळून हिरवी बुरशी धरलीय. त्यावर उपाय व्हिनेगर. दात घासायच्या जुन्या ब्रशने मी चार तास ती पाटी घासली. तो ब्रश जुना नव्हता, हे संध्याकाळी बाबांनी तोंडात घातल्यावर कळलं.

मग कीबोर्ड. एकशे एक की मी उपटून काढल्या आणि साबणाच्या पाण्यात टाकल्या. संध्याकाळी घरी येतो तर आईने त्या धुवून, पुसून, वाळवून, परत बसवूनसुद्धा ठेवल्या होत्या. मला भरून आलं. मग मी नीट बघितलं.

"आई, हे काय?"

"अरे, तुझी ती बटणं कुणी वेडीवाकडी लावली होती कोण जाणे. क्यू काय, डब्ल्यू काय, मधेच ई. मी सरळ एबीसीडी लावून दिली. काही बसत नव्हती, ती जरा ठोकून बसवली."

ती ठोकून बसवलेली पुन्हा निघेनात. माझ्या पाहण्यातला जगातला हा एकमेव कीबोर्ड आहे, जो बालवाडीच्या मुलाला पाठ आहे आणि बाकी कुणालाही वापरता येत नाही.

एवढ्यात चार आठवडे गेले. आणि या चार आठवड्यांत आत्या काय करत होती, हे मला एके दिवशी कळलं. तिला डबा द्यायला म्हणून वाचनालयात गेलो. आत्या एकटी, कपाटांच्या मधे स्टुलावर बसली होती. मांडीवर वही, हातात पेन. एकेक पुस्तक काढायचं, नाव, लेखक, क्रमांक लिहायचा, परत ठेवायचं.

"हे काय चाललंय?"

"हातानेही करून ठेवतेय. दिवसाला साठ-सत्तर होतात. तुझं झालं तर उत्तमच." ती 'झालं तर' इतक्या मायेने म्हणाली की मला शिवी परवडली असती. "नाही झालं, तर जेवढी माझ्या हातून उतरतील तेवढी तरी वाचतील."

मी वही पाहिली. पहिल्या पानापासून सगळी पुस्तकं अशी, की ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती. विहिरींचे प्रकार. दोरखंडांच्या गाठी. एका मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खर्चाने छापलेलं आत्मचरित्र, भाग दुसरा.

"अगं, आधी चांगली, गाजलेली तरी लिही. वेळ कमी आहे."

"गाजलेली कुठेही मिळतात रे. याला एकोणीस वर्षांत कुणी घरी नेलेलं नाही. मीही नाही नेलं, तर कोण नेणार?"

मी डबा ठेवला आणि घरी आलो. त्या दिवशी मी गटावर एकही फोटो टाकला नाही.

शेवटच्या शुक्रवारी संगणक सुरू झाला. खट्ट, पंखा, पुटपुट, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं. व्होल्टेज काकांनी टाळ्या वाजवल्या. आईने बाबांना बोलावलं. बाबा ब्रश कपाटात कुलूपबंद करून आले. मी पहिली फ्लॉपी घातली, खटका खाली ओढला. ड्राइव्हमधून आवाज आला, खर्र, खर्र, खर्र. पडद्यावर संदेश आला की वाचता येत नाही.

दुसरी फ्लॉपी. खर्र. तिसरी. खर्र. अडतीसच्या अडतीस.

काका म्हणाले, "व्होल्टेज..."

"काका, प्लीज."

मी ट्रॅक झिरोला साकडं घातलं. सगळं लिहिलं, फोटो टाकले. तासाभराने उत्तर आलं. त्याचं म्हणणं असं, की ड्राइव्हमध्ये एक छोटं डोकं असतं, ते फ्लॉपीवर ठराविक जागी लिहितं आणि तिथूनच वाचतं. हे डोकं केसभर सरकलेलं असेल, तर ते केसभर सरकून लिहितं, आणि तसंच सरकून वाचतं, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. 'तुमच्या आत्याबाईंच्या फ्लॉप्या चुकीच्या जागी लिहिल्या आहेत,' त्याने लिहिलं. 'तुमचा ड्राइव्ह आता बरोबर आहे. म्हणून वाचत नाही. त्याला परत चुकीचा करा.'

'किती?' मी विचारलं.

'जेवढा होता तेवढा.'

मग थोड्या वेळाने त्याने आणखी एक ओळ लिहिली. 'पण दुरुस्तीआधी तो चुकीचा कशाने होता, हे शोधा. तुम्ही त्याला सरळ करण्यासारखं काही केलंत का?'

मी 'नाही' असं टाइप केलं. मग माझी नजर त्या गुळगुळीत, दोन हात रंगवलेल्या पत्र्यावर गेली. मी 'नाही' पुसलं.

खळगा खाली ड्राइव्हच्या चौकटीला टेकत होता. ती चौकट केसभर वाकत होती. आणि तो खळगा मी जगातल्या सर्वोत्तम कारागिरीने नाहीसा केला होता.

शनिवार आम्ही वजनं ठेवण्यात घालवला. त्या जागी शब्दकोशाचे दोन खंड ठेवले, खर्र. तिसरा खंड, खर्र. गव्हाचा डबा, खर्र. व्होल्टेज काकांनी घरून एक जुना ट्रान्सफॉर्मर आणला, तो ठेवला तर ड्राइव्ह फिरायचाच थांबला. "जास्त झालं," काका म्हणाले आणि पदराला गाठ मारल्यासारखं वहीत लिहून ठेवलं. काकांना वाटलं, स्वतः हाताने दाबावं. ते दोन तास दाबत बसले, पण त्यांना मधेच शिंक यायची. बाबांना बसायला सांगावं असाही प्रस्ताव आला. तो बाबांनी फेटाळला.

रविवारी सकाळी आत्या आली. सोमवारी पाचला यादी द्यायची होती, आणि मंगळवारी उरलेलं न्यायला रद्दीवाला येणार होता. तिच्या वहीत दोन हजार शंभर पुस्तकं झाली होती. मी सगळं खरं सांगितलं. हातोडीसुद्धा. गटावरचं ते 'पूर्वीच्या वापरकर्त्याची अक्षम्य हलगर्जी'सुद्धा दाखवलं, कारण लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"पूर्वीची वापरकर्ती मी," आत्या म्हणाली.

"हो. ते आत्ताच लक्षात आलं."

"बावीस लोकांना माझं दुःख झालं?"

"तेवीस. आत्ताच एक वाढला."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून संगणकाजवळ गेली, सवयीने त्याच्यावर उजवं कोपर टेकलं, हनुवटी तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "दहा पुस्तकं झाली की जपून ठेवायची आज्ञा द्यायची. मग हा तीन-तीन मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात मी अशी उभी राहून दोन पानं वाचून घ्यायचे. त्या विहिरीवरच्या पुस्तकाची एकशे नव्वद पानं मी याच्या जिवावर वाचलीत."

ड्राइव्हमध्ये नववी फ्लॉपी तशीच पडली होती. मी उगाच, हाताला चाळा म्हणून, पुन्हा वाचायची आज्ञा दिली.

टुक. टुक टुक. टुक.

"आवाज बदलला," व्होल्टेज काका म्हणाले.

पडद्यावर ओळी उतरू लागल्या. कपाट नऊ, पुस्तक पहिलं, पुस्तक दुसरं. मी ओरडलो. आत्या दचकून सरळ झाली. खर्र, खर्र, आणि सगळं थांबलं.

"व्होल्टेज गेलं!" काका.

मी वायरी तपासायला खाली वाकलो. काका मीटरकडे धावले. आई मात्र दारात उभी राहून शांतपणे बघत होती. घरात कुठली वस्तू कुणाच्या हाताने चालते, हे तिला बरोबर कळतं.

"ताई," ती म्हणाली, "जरा परत तशा उभ्या राहा बघू."

आत्याने कोपर ठेवलं. टुक. कोपर उचललं. खर्र. ठेवलं. टुक टुक टुक.

 अकरा हजार चारशे बारा पुस्तकं त्या कोपराखाली लिहिली गेली होती. तो खळगा हलगर्जीचा नव्हता, तो संगणक आल्यापासून अठरा वर्षं दर दहा पुस्तकांमागे एकदा टेकलेल्या एका हाताचा होता. शब्दकोश, गहू, ट्रान्सफॉर्मर, सगळी वजनं आम्ही करून पाहिली होती. फक्त जिचं काम, तिला तेवढं विचारलं नव्हतं.

"वहिनी, एखादं पुस्तक द्या हो," आत्या म्हणाली. "वाचल्याशिवाय मला नीट टेकता येणार नाही."

खरंच आहे. वाचताना माणूस वेगळा टेकतो. आईने तिला हाताला लागलं ते पुस्तक दिलं, ते वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक निघालं, आणि आत्याने तेही मन लावून वाचलं. मी मागून एक वायर माझ्या लॅपटॉपला जोडली होती. एकेक कपाट पलीकडे जाऊ लागलं. मधे एकदा मला आज्ञा टाइप करायची होती आणि मी त्या एबीसीडीत 'आर' शोधत बसलो, तर आत्याने पुस्तकातून डोकं वर न काढता डावा हात लांब केला आणि जुन्या जागेवरची बटणं टकाटक दाबून टाकली. वर काय छापलंय ते तिने बघितलंही नाही. अठरा वर्षं टाइप केलेली बोटं आईच्या शिस्तीला बधली नाहीत.

दुपारी दोनपर्यंत बावीस कपाटं झाली. तेविसावी फ्लॉपी घातली. खर्र.

आत्याने कोपर उचलून परत ठेवलं. खर्र. थोडं पुढे, थोडं मागे. खर्र. चोविसावी टाकून पाहिली, तीही खर्र. पंचविसावी मात्र सुरळीत वाचली. तेवीस आणि चोवीस, दोनच कपाटं. मिळून पाचशे सत्तर पुस्तकं.

आत्या पाकिटावरची तारीख वाचत राहिली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई. तेव्हा माझा हात मोडला होता. सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता."

"मग तू टेकायची नाहीस?"

"टेकायचे की. प्लास्टरसकट."

सगळ्यांच्या नजरा आपोआप व्होल्टेज काकांकडे वळल्या. काकांनी चष्मा पुसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना व्होल्टेज सोडून दुसरं काहीतरी विचारलं जात होतं.

"कोपराच्या वर की खाली?"

"मनगटापासून पार दंडापर्यंत."

"जुन्या पद्धतीचं, पांढरं?"

"हो, चांगलं जाड."

"म्हणजे सव्वा किलो," काका म्हणाले. "माझाही मोडला होता. खांबावरून." मग हवेत तळहात पसरून, "कोपरापाशी पृष्ठभाग पसरट. म्हणजे नुसतं वजन बांधून चालणार नाही. जागा रुंद हवी."

आईने सव्वा किलो मीठ मोजलं, ते दोन लांब मोज्यांत भरलं, आत्याच्या हाताभोवती गुंडाळलं आणि वरून ओला टॉवेल घट्ट बांधला. बाबांनी मोजे कुणाचे आहेत ते ओळखलं, पण प्रसंग पाहून गप्प बसले. आत्याने तो हात दोन्ही बाजूंनी पाहिला, खुशीत मान हलवली आणि पत्र्यावर टेकवला.

टुक.

ट्रॅक झिरोला मी सगळं लिहून कळवलं. त्याचं उत्तर यायला पहिल्यांदाच वेळ लागला. 'तीस वर्षं या कामात आहे,' त्याने लिहिलं, 'त्यांना माझा नमस्कार सांगा.' मग एकाने विचारलं की हा सुटा भाग कुठे मिळेल. मी लिहिलं, मिळत नाही. एकच बनवला होता.

साडेपाचला अडतिसावं कपाट झालं. सोमवारी आत्या स्वतः यादी घेऊन मध्यवर्ती ग्रंथालयात गेली. मी पिशवी धरायला होतो. तिथल्या अधिकाऱ्यांनी पानं चाळली, मधलीच पाच नावं निवडून शिपायाला आत्याच्या वाचनालयातल्या कपाटांतून ती पुस्तकं काढून आणायला पाठवलं. पाचही निघाली, लिहिलेल्या कपाटात, लिहिलेल्या खणात. अधिकारी खुर्चीतून किंचित उठले. मला वाटतं त्यांना कळलंही नाही की आपण उठलोय.

"मॅडम, ही यादी एवढी बिनचूक कशी?"

आत्याने त्यांच्या टेबलावर कोपर टेकलं. "वेळ मिळायचा मधे," ती म्हणाली.

मंगळवारी रद्दीवाला आला. भांडारपालांनी त्याला ते चार लगदे दिले आणि दार लावून घेतलं.

संगणक अजून दिवाणखान्यात आहे. परत करायला गेलो होतो. भांडारपाल म्हणाले, जी वस्तू कधी बाहेर गेलीच नाही ती आत कशी घेऊ? आता आमच्या इमारतीत कुणाकडे कुठली पुस्तकं आहेत त्याची यादी आत्या करतेय. दर रविवारी येते, दहा पुस्तकं टाइप करते, आज्ञा देते आणि टेकून वाचत उभी राहते. आई 'हे जाणार कधी' असं आता विचारत नाही. ती त्याच्यावरची धूळ पुसते, फक्त त्या एका जागेवरची नाही. ती जागा पुसावी लागत नाही.

माझा रंग तिथे उडायला लागलाय. परवा मी बोट फिरवून पाहिलं. नखाएवढा खोल, पण आहे. मी उठलो, समोरच्या दारावर टकटक केली आणि व्होल्टेज काकांची हातोडी त्यांना परत देऊन आलो.